इसहाकाच्या विहिरी : आईकडून आलेली श्रद्धा स्वतःची कशी होते?

प्रिय भगिनी, प्रभूच्या नावे सलाम.

तुमचा प्रश्न दोन ओळींत संपणारा नाही, म्हणून उत्तर सविस्तर लिहीत आहे. ते तुमच्यासारख्या इतरांच्याही हाती पडेल, तेव्हा तुमच्या पत्राचा आशय प्रथम थोडक्यात सांगतो. तुमच्या आई एका ग्रामीण मिशन दवाखान्यात ३४ वर्षे परिचारिका होत्या आणि गेल्या पावसाळ्यात त्या प्रभूमध्ये निजल्या. ड्यूटीला जाण्यापूर्वी पहाटे खाटेशी गुडघे टेकून त्या प्रार्थना करीत. रात्री-अपरात्री वस्तीवरून कोणी बोलवायला आले, तर कोणत्या जातीचा, कोणत्या धर्माचा हे न विचारता कंदील घेऊन निघत. तुम्ही पुण्यात एका विमा कंपनीच्या दावे विभागात काम करता, तुमचे यजमान हिंदू आहेत आणि मुलगा नऊ वर्षांचा आहे. आई गेल्यापासून तुम्हीही पहाटे उठून गुडघे टेकता, त्यांचेच बायबल वाचता, दर रविवारी उपासनेला जाता. पण आत काही हलत नाही, आणि हे सारे केवळ आईसाठी चालले असेल तर तो दांभिकपणा नव्हे काय, असे तुम्ही विचारता. आईची श्रद्धा तिच्या हातांतून दिसत असे, माझ्या हातांत फक्त फायली असतात, असेही तुम्ही लिहिले आहे. शेवटी, जरा चाचरत, नाताळच्या रात्री आई घरी नसे याचा लहानपणीचा राग अजून गेलेला नाही, हेही तुम्ही कबूल केले आहे.

अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील खेड्यापाड्यांच्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये मी ३८ वर्षे पाळक म्हणून सेवा केली. हा प्रश्न मी अनेकांच्या तोंडून ऐकला आहे, आणि बहुतेक वेळा तो आई किंवा वडील गेल्यानंतरच्या पहिल्या वर्षातच विचारला जातो. आईवडील हयात असतात तोवर घरातली प्रार्थना त्यांच्या भरवशावर चाललेली असते. ते गेल्यावर प्रथमच कळते की ती आता आपण केली नाही तर होणार नाही.

दांभिकपणाची शंका मात्र आधी दूर करतो, कारण तिच्यामुळे तुमचा पुष्कळ जीव विनाकारण खाल्ला जात आहे. प्रभू येशूने ज्यांना ढोंगी म्हटले ते लोक चव्हाट्यावर, दहा जणांना दिसावे म्हणून प्रार्थना करीत होते. तुम्ही पहाटे पाच वाजता, घर झोपलेले असताना, कोणाला न सांगता गुडघे टेकता. त्यात तुम्हाला गोडी वाटत नाही हे खरे. पण गोडी नसतानाही एखाद्याच्या प्रेमाखातर केलेली गोष्ट खोटी ठरत नाही. बायबलातील स्तोत्रसंहितेतील पुष्कळ प्रार्थना कोरड्या घशाने केलेल्या आहेत. तेव्हा जे चालू आहे ते या शंकेमुळे थांबवू नका. मात्र ते आहे तसेच आयुष्यभर चालू ठेवणे पुरेसे नाही, हेही तितकेच खरे आहे, आणि त्याविषयीच मला मुख्यतः लिहायचे आहे.

उत्पत्तीच्या पुस्तकातील २६वा अध्याय काढा. आईबापांच्या श्रद्धेचा वारसा म्हणजे काय, हे पवित्र शास्त्रात मला सर्वांत स्पष्टपणे तेथे दिसले. देशात दुष्काळ पडतो आणि इसहाक गरार येथे जाऊन राहतो. त्याच्या बापाने, अब्राहामाने, त्या मुलखात विहिरी खणून ठेवलेल्या असतात. पण बाप मेल्यावर पलिष्ट्यांनी, म्हणजे तेथल्या लोकांनी, त्या मातीने बुजवून टाकलेल्या असतात. इसहाक त्या पुन्हा उकरतो आणि बापाने ठेवलेलीच नावे त्यांना देतो. तेवढ्यावर तो थांबत नाही. त्याचे चाकर खोऱ्यात नवी विहीर खणतात, तिच्यावरून गुराख्यांशी भांडण होते. दुसरी खणतात, तिच्यावरूनही होते. तिसरी खणतात तेव्हा कोणी भांडत नाही आणि तो तिला रहोबोथ, म्हणजे ऐसपैस जागा, असे नाव देतो. मग तो बैर-शेबा येथे जातो. त्या रात्री परमेश्वर त्याला दर्शन देऊन, मी तुझा बाप अब्राहाम याचा देव आहे, भिऊ नकोस, असे सांगतो, आणि इसहाक तेथे स्वतः एक वेदी बांधतो.

आमच्या भागातील ख्रिस्ती कुटुंबांना हा अध्याय समजावून सांगावा लागत नसे. माझ्या आजोबांच्या पिढीला गावच्या विहिरीवर घागर टेकवता येत नव्हती. उन्हाळ्यात कोणी वरून ओंजळीत पाणी ओतील तेवढेच त्यांचे. अमेरिकन मराठी मिशनचे काम अहमदनगरला १८३१ साली सुरू झाले आणि पुढे जेथे जेथे मिशनच्या आवारात विहीर झाली, तेथे आमच्या आज्यांनी प्रथमच आपल्या हाताने पोहरा सोडला. त्यामुळे बुजवलेली विहीर उकरणे म्हणजे काय कष्ट आहेत, आणि पाणी लागले की काय वाटते, हे त्यांना ठाऊक होते. तुमच्या आईच्या आईलाही ते ठाऊक असणार.

आता तुमच्या घरची विहीर कशाने बुजली आहे, याचा विचार करा. पलिष्ट्यांनी माती टाकली. आपल्याकडे बहुधा स्तुतीच टाकली जाते. तुमच्या आईच्या अंत्यविधीला जी भाषणे झाली ती मी ऐकली नाहीत, तरी त्यांतील शब्द मी सांगू शकतो, कारण मी स्वतः तसे शब्द शेकडो वेळा उच्चारले आहेत: देवमाणूस, त्यागमूर्ती, दुसरी फ्लॉरेन्स नाइटिंगेल. हे शब्द प्रेमाने उच्चारले जातात, पण त्यांच्या ढिगाऱ्याखाली खरी बाई दिसेनाशी होते. देवमाणसाचे अनुकरण कोणालाच करता येत नाही, त्याच्या तसबिरीला फक्त हार घालता येतो. तुम्ही पहाटे आईसारखे गुडघे टेकता तेव्हा तुमच्या डोळ्यांसमोर ती तसबीर असते, आणि तिच्यापुढे तुम्हाला आपण कमी पडतो असे वाटते.

म्हणून पहिले काम उकरण्याचे. दवाखान्यातील ज्या आया, वॉर्डबॉय आणि सिस्टर अजून हयात आहेत त्यांच्याकडे एकदोन दिवस काढून जा आणि त्यांना आईची स्तुती करायला सांगू नका. असे विचारा: बाळंतपणात बाई दगावली की आई त्या दिवशी काय करीत असे? कोणाशी तिचे पटत नव्हते? ती कधी चिडली होती? रात्रपाळीत ती प्रार्थना करीत असे की थकून भिंतीला टेकत असे? त्यांच्या बायबलातील पेन्सिलच्या खुणाही पाहा. खुणा बहुधा गाजलेल्या वचनांवर असतात, त्या सोडून द्या. जे वचन फारसे कोणी पाठ करत नाही त्यावर खूण असेल तर तेथे थांबा. आपले आईबाप देवाशी कशाबद्दल झगडत होते, हे अशा ठिकाणी सापडते. एका घरी मी दिवंगत वडिलांचे बायबल पाहिले होते. त्यात ईयोबाच्या पुस्तकातील तक्रारीच्या अध्यायांखाली रेघाच रेघा होत्या. मंडळीत ते गृहस्थ सदैव हसतमुख म्हणून प्रसिद्ध होते. त्यांच्या मुलाला त्या रेघांनी जेवढा आधार दिला तेवढा माझ्या सांत्वनपर उपदेशाने दिला नसेल.

इब्री लोकांस पत्राच्या १३व्या अध्यायात, ज्यांनी तुम्हाला देवाचे वचन सांगितले त्यांच्या विश्वासाचे अनुकरण करा, असे सांगितले आहे. तेथे विश्वासाचे अनुकरण म्हटले आहे, लकबींचे नव्हे. हा फरक मला फार उशिरा आणि एका वाईट अनुभवाने कळला. माझे वडील सुवार्तिक होते. १९७२च्या दुष्काळात ते खडी फोडण्याच्या कामांवर जाऊन मजुरांबरोबर बसत, त्यांच्याबरोबर सुकडी खात आणि पावसासाठी प्रार्थना करीत. ती प्रार्थना मी लहानपणी इतक्या वेळा ऐकली होती की तिचे शब्द आणि चढउतार माझ्या जिभेवर बसले होते. पाळक झाल्यावर पहिली काही वर्षे मी तशीच प्रार्थना करीत असे, आणि लोक, अगदी पपांसारखी, असे म्हणत. एका वर्षी अवेळी पावसाने आमच्या भागातील पिके सडत होती. त्या रविवारी, सवयीने, वडिलांच्याच शब्दांत, कोरड्या भूमीवर पाऊस पाड, अशी प्रार्थना मी वेदीजवळ उभे राहून केली. उपासना संपल्यावर एक म्हाताऱ्या बाई दाराशी थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, ‘साहेब, आमची बाजरी पाण्यात उभी आहे.’ त्यांनी दुसरे काही म्हटले नाही. मी त्या दिवशी जेवलो नाही. वडिलांची प्रार्थना खरी होती, कारण त्यांच्यासमोर तहानलेली माणसे बसलेली होती. माझी खोटी होती, कारण मी समोरच्या माणसांकडे पाहिलेच नव्हते. मला त्यांचा आवाज घ्यायचा नव्हता, समोरच्या माणसाशेजारी बसून मग देवाकडे पाहण्याची त्यांची रीत घ्यायची होती.

याच २६व्या अध्यायात आणखी एक गोष्ट आहे आणि तुमच्या रागाविषयी लिहिताना ती मी टाळू इच्छित नाही. गरार येथे लोक इसहाकाची बायको रिबका हिच्याविषयी विचारतात तेव्हा इसहाक भीतीपोटी, ती माझी बहीण आहे, असे सांगतो. अगदी हेच खोटे अब्राहाम आपली बायको सारा हिच्याविषयी बोलला होता, तेही याच गरार मुलखात. म्हणजे ज्या बापाच्या विहिरी त्याने उकरल्या, त्याच बापाचे भय आणि लबाडीही त्याच्या वाट्याला आली. शास्त्राने ती गोष्ट झाकली नाही, आणि म्हणून अब्राहाम विश्वासणाऱ्यांचा बाप राहिला नाही असेही म्हटले नाही. नाताळच्या रात्री दवाखान्यात कोणी तरी असायलाच हवे होते, हे तुम्हाला आज कळते. पण सात वर्षांच्या मुलीला घरात एकटे वाटले, हेही घडलेले आहे. त्या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात. बापाचा व आईचा मान राख, या आज्ञेचा अर्थ त्यांचे दोष नाकारणे असा होत नाही. तो राग प्रार्थनेत जसाच्या तसा बोला. ‘प्रभू, तू तिला सगळ्यांसाठी दिलेस आणि मला कमी दिलेस’ असे वाक्य उच्चारण्याची तुम्हाला भीती वाटत असेल, तर स्तोत्रे उघडा. त्यांत याहून कठोर वाक्ये देवापुढे ठेवलेली आहेत. आणि तुमचा मुलगा आज नऊ वर्षांचा आहे. आईची सेवावृत्ती घेताना, घरच्या माणसाला शेवटी ठेवण्याची सवय तीतूनच नकळत तुमच्याकडे आली आहे काय, हे तपासून पाहा. मी हे अंदाजाने विचारत नाही. तुमच्या पत्रात, तो झोपल्यावरच मी घरी पोहोचते, असे एक वाक्य ओझरते येऊन गेले आहे.

आता फायलींविषयी. पत्रातील मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला भाग हाच आहे.

परिचर्या हा व्यवसाय आपल्या समाजात इतका रुजला, यालाही इतिहास आहे. मिरजेला डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली रुग्णालय सुरू केले, इतरत्रही मिशन दवाखाने निघाले आणि परक्याच्या अंगाला हात लावणे, त्याची घाण काढणे हे काम ज्या काळी प्रतिष्ठित घरांना नको होते, त्या काळी आपल्या मुली ते करायला पुढे झाल्या. ‘मी आजारी होतो आणि तुम्ही माझ्या समाचाराला आलात’ हे मत्तयातील वचन त्यांना समोरच्या खाटेवर दिसत होते. तुमच्या आईला आपल्या कामाचा आणि श्रद्धेचा सांधा शोधावा लागला नाही, तो तिला तयार मिळाला. तुम्हाला तो शोधावा लागणार आहे. ती तुमची नवी विहीर आहे, आणि इसहाकाच्या पहिल्या दोन विहिरींप्रमाणे तिच्यावरून कार्यालयात कुरबूरही होईल.

तुमच्या टेबलावर येणाऱ्या मृत्यूदाव्याच्या फायलीत एक बाई असते. तिचा नवरा दोन महिन्यांपूर्वी गेलेला असतो, ती प्रथमच अशा कार्यालयाची पायरी चढलेली असते, आणि तिला मृत्यूचा दाखला, नॉमिनीची नोंद, बँकेचा रद्द केलेला धनादेश या शब्दांचे ओझे पेलत नाही. एक कागद कमी म्हणून फाईल परत जाते. तो आणला की दुसरा कमी निघतो. तिसऱ्या खेपेला नावातील एका अक्षराचा फरक सापडतो. हे मी पाहिलेले आहे, कारण मंडळीतील विधवांबरोबर अशा खिडक्यांसमोर मी स्वतः पुष्कळदा उभा राहिलो आहे. पहिल्याच खेपेला पूर्ण फाईल वाचून, काय काय लागणार आहे ते एका कागदावर सोप्या मराठीत लिहून तिच्या हाती देणे, हे तुमच्या अधिकारात आहे. त्याला फार तर वीस मिनिटे जादा लागतील. तुमच्या आईने कंदील घेऊन वस्तीवर जाणे आणि तुम्ही तो कागद लिहून देणे, यांत मला प्रकाराचा फरक दिसतो, मोलाचा दिसत नाही.

याचा अर्थ दया येते म्हणून खोटा दावा मंजूर करा, असा नाही. तुमच्या आईनेही रुग्ण रडतो म्हणून चुकीचे औषध दिले नसते. जो दावा नियमात बसत नाही तो नामंजूरच करावा लागेल, पण का नामंजूर झाला आणि पुढे कोठे दाद मागता येते, हे समोरच्याला नीट कळेल असे सांगणे हाही तुमच्या सेवेचाच भाग आहे. कलस्सैकरांस पत्रात प्रेषित पौल, जे काही करता ते प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा, असे लिहितो. हे तो दासांना उद्देशून लिहितो, म्हणजे ज्यांना आपले काम निवडण्याची मुभाच नव्हती अशा माणसांना. तेव्हा माझे काम आईच्या कामासारखे पवित्र नाही, ही सबब पौलाने आपल्यासाठी शिल्लक ठेवलेली नाही.

आईबापांच्या वाटेने जाऊनही स्वतःची पावले टाकणाऱ्यांची उदाहरणे आपल्या महाराष्ट्रातच आहेत. पंडिता रमाबाईंची मुलगी मनोरमा हिचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये आईबरोबरच झाला, तेव्हा ती जेमतेम अडीच वर्षांची होती. म्हणजे तिची श्रद्धा शब्दशः आईच्या कडेवरून आलेली. अशा आईची मुलगी असणे सोपे नसते. मनोरमाबाई शिकून परतल्या, आईच्या कामाला त्यांनी आयुष्य दिले, पण आईचे पांडित्य आणि व्याख्याने यांची त्यांनी नक्कल केली नाही. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये अंध मुलींना ब्रेल शिकवण्याचे काम त्यांनी हाती घेतले. आईच्याच अंगणात त्यांनी आपली विहीर खणली. १९२१ साली त्या आईच्या आधीच गेल्या, आणि पुढच्याच वर्षी रमाबाईही गेल्या. रमाबाईंकडे पाहिले तर आणखी एक गोष्ट मनात येते. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी समाजाचा विरोध सोसून पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकवले. मुलीने पुढे वडिलांचा धर्म सोडला, तरी पटलेल्या गोष्टीसाठी किंमत मोजण्याचा धडा तिला त्याच वडिलांनी दिला होता. देव आपल्याला घडवताना कोणाकोणाचा हात वापरतो, याला सीमा नाही.

लक्ष्मीबाई टिळकांचेही असेच. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी मात्र १९०० साली, स्वतःला पटल्यावर घेतला. मधली वर्षे त्यांनी सोवळे सांभाळले, वाद घातले, रडल्या, आणि मग एकेक बंधन आपल्याच हाताने सोडले. पतीच्या पाठोपाठ त्याच दिवशी त्यांनी बाप्तिस्मा घेतला असता, तर त्यांची श्रद्धा पतीची सावली राहिली असती असे मला वाटते. घरातल्या एकाची श्रद्धा दुसऱ्याची व्हायला वेळ लागतो, आणि तो वेळ वाया गेलेला नसतो.

आता वेदीकडे येतो. बापाच्या विहिरी उकरणाऱ्या इसहाकाने वेदी मात्र स्वतः बांधली, आणि तीही देवाने त्याच्याशी बोलल्यानंतर. तुमच्याकडून कोणी पहाटे पाचची प्रार्थना मागितलेली नाही. आईला सात वाजता वॉर्डात हजर व्हायचे असे, म्हणून पहाट ही तिची वेळ होती. तुम्ही दिवसभराच्या थकव्यानंतर चार तास झोपून त्या वेळी उठत असाल, तर ती प्रार्थना शुष्क वाटण्याचे निम्मे कारण झोप हेच आहे. लोकल बसमधला अर्धा तास असेल, दुपारी डबा उघडण्यापूर्वीची पाच मिनिटे असतील. स्वतःची वेळ शोधा. एक महिना आईचे शब्द बाजूला ठेवा. तिच्याकडून पाठ झालेल्या प्रार्थना चांगल्या आहेत, त्या पुढे आपोआप परत येतील. हा महिना फक्त त्या दिवशी टेबलावर आलेल्या एका माणसाचे नाव घ्या, तुमच्या मनात त्याच्याविषयी जे आले ते, कंटाळाही, देवाला सांगा, आणि थांबा. प्रभूची प्रार्थना म्हणून उठा. भावना दाटून येतील असे वचन मी देणार नाही. मला स्वतःला त्या बाजरीच्या रविवारनंतर साधारण दोन वर्षे काहीही वाटत नव्हते. त्या दोन वर्षांत माझ्या प्रार्थनेत लोकांची नावे मात्र वाढत गेली, आणि एके दिवशी ध्यानात आले की मी वडिलांना आठवून नव्हे, तर त्या लोकांसाठी गुडघे टेकत आहे.

यजमान आणि मुलगा यांच्याविषयी थोडेच लिहितो, कारण येथे जास्त उपदेश केल्याने नुकसान होते. पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य याची आई विश्वासू यहूदी होती आणि बाप हेल्लेणी, म्हणजे ग्रीक, होता, असे प्रेषितांची कृत्ये सांगते. पौल त्याला लिहितो की तुझ्यातला निष्कपट विश्वास आधी तुझी आजी लोईस आणि आई युनीके यांच्या ठायी होता; आणि लगेच पुढच्या वाक्यात, तुझ्यातले कृपादान प्रज्वलित कर, असे सांगतो. रात्री चुलीतला विस्तव राखेखाली झाकून ठेवत आणि सकाळी फुंकून पेटवत, तसे ते आहे. आजीने विस्तव राखला, तरी फुंकर नातवालाच घालावी लागते. तुमच्या मुलाची फुंकर तुम्ही घालू शकणार नाही. तुम्ही विस्तव राखा. झोपताना त्याच्याशेजारी बसून एक लहानशी प्रार्थना करा, आणि त्याने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर येत नसेल तर येत नाही म्हणा. सासूबाई घरी हरिपाठ म्हणतात असे तुम्ही लिहिले आहे, ते ओझे मानू नका. टिळकांचे अभंग आपण टाळ-मृदंगावर गातो ते याच मातीतले आहेत, आणि तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्ताकडे आलो असे टिळक स्वतःच सांगत. तुम्ही टिळकांचा अभंग गाऊ लागलात तर सासूबाई टाळ धरतील, असा माझा अंदाज आहे.

मंडळीविषयी एवढेच सांगतो की जात राहा. मंडळीत तुम्हाला सिस्टरबाईंची मुलगी म्हणून ओळखतात याचा तुम्हाला भार होतो, हे मला समजते. तो भार कमी करण्याचा एक मार्ग आहे: तुमच्या आईने कधी केले नाही असे एखादे काम तेथे अंगावर घ्या. मंडळीतील वृद्धांना विम्याचे, निवृत्तिवेतनाचे, बँकेचे कागद भरून देणारे कोणी नसते. रविवारी उपासनेनंतर तासभर एक टेबल टाकून बसा. तुमच्या मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचमंडळींना मी ओळखत नाही, पण या गोष्टीला नाही म्हणणारी पंचमंडळी मी अजून पाहिलेली नाही.

शेवटी तुम्ही विचारले आहे की येत्या पावसाळ्यात आईच्या स्मरणार्थ उपकारस्तुतीची उपासना ठेवावी की नाही. जरूर ठेवा, आणि शक्य असेल तर पुण्यात न ठेवता दवाखान्याच्या आवारातल्या छोट्या उपासनामंदिरात ठेवा. पाहुण्या पाळकांना दहा मिनिटांहून अधिक वेळ देऊ नका. मी आलो तर मलाही नको. ज्या आयांना तुम्ही भेटून आला असाल त्यांना बोलू द्या, त्या अडखळल्या तरी चालेल. शास्त्रपाठ म्हणून उत्पत्ती २६, वचने १५ ते २५ घ्या आणि ती मुलाला वाचू द्या. एसेक, सितना, रहोबोथ ही त्या तीन विहिरींची नावे त्याच्याकडून आधी चार वेळा म्हणवून घ्या, कारण मोठेही तेथे अडतात. आईच्या बायबलाची बांधणी सुटली आहे असे तुम्ही लिहिले आहे. ते त्यापूर्वी बांधून घ्या आणि बांधणाऱ्याला बजावून सांगा की पानांतल्या चिठ्ठ्या, वाळलेली पाने, औषधाच्या वेष्टणावर लिहिलेली वचने, जे जेथे आहे ते तेथेच राहू द्यावे. आणि मागे चार कोरी पाने जोडायला सांगा, तुम्हाला लिहायला लागतील.